एक सूत वर आलेला स्क्रू

खानापूरहून डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: “काका, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या एअर शोला अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ दोन्ही आली होती. ही विमानं रडारवर दिसतच नाहीत म्हणतात. मग ज्याच्याकडे ती आहेत त्याने लढाई सुरू व्हायच्या आधीच मैदान मारलं, असंच ना? आपल्याला इतकी वर्षं का जमलं नाही? आणि मी मेकॅनिकल करतोय. यात आपल्या बाजूच्या पोराला काही काम आहे काय?”

तुझे तिन्ही प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वायुसेनेत रडार फिटर होतो. पहिली परेड बेळगावजवळ सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये केली, ट्रेड शिकलो बंगळूरच्या जालहळ्ळीला, आणि पुढची सगळी नोकरी आकाशात काय चाललंय ते जमिनीवरून बघण्यात गेली. पेन्शन घेऊन गावी आल्यावर बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनचं काम बघतो. नोकरीत जे पाहिलं त्यातलं न सांगण्यासारखं इथे काही येणार नाही. खाली आहे ते सगळं जगजाहीर आहे.

सगळ्यात आधी ‘दिसतच नाही’ हे डोक्यातून काढ. रडारवर अजिबात न उमटणारं लढाऊ विमान अजून कुणी बनवलेलं नाही. स्टेल्थ, म्हणजे रडारपासून लपण्यासाठी बनवलेलं विमान कमी दिसतं, उशिरा दिसतं, ठरावीक बाजूने आणि ठरावीक रडारला कमी दिसतं. या ‘उशिरा’मध्येच सगळं आहे.

पावसाळ्यात रात्री जांबोटीहून चोर्ला घाटाकडे कधी गाडी चालवली आहेस? रस्ता कोरडा असतो तेव्हा हेडलाइटचा उजेड डांबराच्या खरबरीत खडीवर आपटून चहूकडे विखुरतो, त्यातला थोडा माघारी आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून रस्ता दिसतो. तोच रस्ता पावसाने भिजून गुळगुळीत झाला की समोर नुसता काळोख. उजेड तितकाच पडतोय, रस्ता उलट जास्त चकाकतोय, खरं तो उजेड पाण्यावरून घसरून पुढे निघून जातो, आपल्याकडे फिरत नाही. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याचे डोळे मात्र त्यानेच दिपतात. स्टेल्थ विमानाच्या आकारामागची मूळ कल्पना ही एवढीच. रडारने सोडलेली लहर शोषून घेणं नंतरचं. आधी ती ज्या रडारकडून आली त्याच्याकडे परत जाऊ द्यायची नाही, दुसरीकडे भिरकावून द्यायची.

आणि त्याच घाटात एखाद्या सायकलच्या मागचा दोन बोटांचा लाल रिफ्लेक्टर शंभर पावलांवरूनही डोळ्यांत भरतो. तो जवळून बघ. आत एकमेकांना काटकोनात जुळलेल्या तीन भिंतींचे बारीक बारीक कोपरे दिसतील. अशा कोपऱ्यात कुठूनही शिरलेला किरण भिंतींवर आपटत आपटत आल्या वाटेने परत जातो. साध्या लढाऊ विमानाच्या अंगावर असे कोपरे जागोजागी असतात: आडव्या पंखाशेजारी उभं शेपूट, पंखाखाली टांगलेली क्षेपणास्त्रं, ती धरणारे खांब. म्हणून एफ-२२ आणि एफ-३५ ची शेपटं तिरकी आहेत आणि क्षेपणास्त्रं पोटात दाराआड आहेत. चाकांची दारं, बॉम्बची दारं यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या नागमोडी कापलेल्या असतात, आणि त्या दातांचा कोन पंखांच्या कडांच्या कोनाशी जुळवलेला असतो, म्हणजे जे काही थोडं परतायचं ते दोन-चार ठरावीक दिशांनाच जावं.

आकाराला इतकं महत्त्व का, ते एका आकड्याने कळेल. एक चौरस मीटरचा सपाट पत्रा ३ सेंटीमीटर लहरीच्या रडारसमोर बरोबर सरळ धरला तर रडारला तो जवळपास १४,००० चौरस मीटरचा वाटतो. तोच पत्रा थोडा कलता केला की परतावा, म्हणजे रडारकडे परत येणारी लहर, कोसळतो. पत्रा तोच, धातू तोच. रडारला विमान किती मोठं वाटतं त्याला रडार क्रॉस सेक्शन म्हणतात, आणि त्या मापाचा विमानाच्या खऱ्या लांबी-रुंदीशी फारच थोडा संबंध असतो.

मला हे पुस्तकाआधी पडद्याने शिकवलं. जुन्या रडारच्या गोल पडद्यावर विमान म्हणजे हिरवट ठिपका. अँटेनाची एक फेरी झाली की ठिपका उमटायचा, हळूहळू विझायचा, पुढच्या फेरीला थोडा सरकून पुन्हा उमटायचा. विमान नाक आपल्याकडे करून येत असेल तर ठिपका बारीक, एखाद्या फेरीला चुकायचाही. त्याने वळण घेऊन कूस दाखवली की तोच ठिपका एकदम फुगायचा. रात्रपाळीत नवीन पोरगं बसलेलं असलं तर त्याला वाटायचं दुसरं, मोठं विमान आलं. मी त्याला म्हणायचो, थांब, अजून दोन फेऱ्या बघ. विमान वळून सरळ झालं की ठिपका परत मूग एवढा.

आता ‘उशिरा’चा हिशोब. रडारची लहर जाताना पसरत जाते, अंतराच्या वर्गाने कमजोर होते. विमानावरून परतताना पुन्हा तशीच पसरते, पुन्हा वर्गाने कमजोर होते. म्हणून रडारचा पल्ला हा क्रॉस सेक्शनच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतो. याचा अर्थ असा, की क्रॉस सेक्शन १६ पट कमी केलं तर पल्ला फक्त निम्मा होतो. पल्ला दहा पटीने कमी करायचा तर क्रॉस सेक्शन १०,००० पटीने कमी करावं लागतं. सांबऱ्याला एक रडार आहे असं धर, आणि त्याला साधं विमान २०० किलोमीटरवर, म्हणजे साधारण साताऱ्यावर असताना दिसतं. १०,००० पटीने कमी क्रॉस सेक्शनचं विमान त्याच रडारला २० किलोमीटरवर, वंटमुरीच्या घाटाजवळ आल्यावर दिसेल. ताशी १,००० किलोमीटर वेगाने २०० किलोमीटर यायला १२ मिनिटं लागतात. २० किलोमीटरला ७२ सेकंद. त्या ७२ सेकंदांत ठिपका खरा की ढगाचा हे ठरवायचं, आपला की परका ते विचारायचं, वर कळवायचं, क्षेपणास्त्र तयार करायचं. मी त्या खुर्चीत बसलोय, म्हणून सांगतो: १२ मिनिटांत माणूस विचार करतो, ७२ सेकंदांत फक्त धावपळ होते. स्टेल्थने शत्रूकडून काय हिरावून घेतलं असेल तर ही मिनिटं.

हे सगळं सुरू कसं झालं ते थोडक्यात. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलची सुमारे शंभर विमानं गेली, बहुतेक जमिनीवरून डागलेल्या रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्रांनी आणि तोफांनी. अमेरिकेला कळून चुकलं की असंच युद्ध युरोपात झालं तर आपलीही तीच गत होईल. गंमत अशी, की उत्तराचा धागा रशियातच होता. प्योत्र उफिम्त्सेव या शास्त्रज्ञाने धारदार कडांवरून लहरी कशा विखुरतात याचं गणित मांडलं होतं आणि ते १९६२ मध्ये मॉस्कोत उघडपणे छापलंही गेलं होतं. तिथे त्याचं कुणाला फारसं अप्रूप वाटलं नाही. अमेरिकन वायुसेनेने १९७१ मध्ये त्याचं भाषांतर करून ठेवलं, आणि पुढे लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर या गणिती माणसाच्या हाती ते लागलं. त्याच्या ध्यानात आलं, की विमान सपाट तुकड्यांचं केलं तर प्रत्येक तुकड्याचा परतावा मोजून बेरीज करता येईल. त्या वेळच्या संगणकांना गोलाईचं गणित झेपत नव्हतं, म्हणून सपाट तुकडे. त्यातून हिऱ्यासारखे पैलू पाडलेला एक आकार निघाला. तो उडेल यावर त्यांच्याच वायुगतिकीच्या लोकांचा विश्वास बसेना.

१ डिसेंबर १९७७ रोजी ‘हॅव ब्लू’ नावाचं छोटं चाचणी विमान उडालं. अशी दोन बनवली, दोन्ही चाचण्यांत पडली, खरं तोपर्यंत जे सिद्ध व्हायचं ते झालं होतं. त्यावरून एफ-११७ आलं, १८ जून १९८१ ला पहिल्यांदा उडालं, आणि नोव्हेंबर १९८८ पर्यंत अमेरिकेने ते असल्याचं कबूलसुद्धा केलं नव्हतं.

त्या कामाचे प्रमुख बेन रिच यांनी पुढे सांगितलेला एक प्रसंग मी आमच्या शॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो. चाचणीत रोज नीट चालणारं विमान एके दिवशी रडारवर अचानक झळकायला लागलं. शोधाशोध केली. तीन स्क्रू पुरते आवळलेले नव्हते. त्यांची डोकी पृष्ठभागाच्या एक अष्टमांश इंचापेक्षाही कमी वर आली होती. उद्यमबागेत आपण एक अष्टमांश इंचाला काय म्हणतो? सूत. एक सूतभरही नाही, आणि कोट्यवधी डॉलरचं विमान उघडं पडलं.

तुला वाटेल, एवढ्याशा स्क्रूने काय होतंय? साध्या विमानावर खरंच काही होत नाही. चव्हाट गल्लीतून गणपतीची मिरवणूक चालली असताना घरात वाटी पडली तर कुणाला ऐकू येत नाही. तीच वाटी पहाटे तीनला पडली की अख्खं घर जागं होतं. आकार नीट करून मोठे परतावे संपवले, की बारीकसारीक गोष्टी वर येतात: दोन पॅनलमधली फट, न भरलेली खाच, सोललेला रंग, वर आलेलं डोकं. स्टेल्थ नकाशावर आखतात हे खरं, पण ते टिकतं की जातं हे ठरतं जोडणाऱ्याच्या आणि रोज देखभाल करणाऱ्याच्या हातात. मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आकाराने जे सुटतं ते शोषायला लेप असतो. त्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण वगैरे मिसळलेले असतात आणि लहरीची ऊर्जा त्यात थोड्याशा उष्णतेत जिरून जाते. लेपाचा थर कुठे जाड, कुठे पातळ झाला तर काम बिघडतं. पायलटच्या काचेवरही विजेला वाहक असा अतिशय पातळ थर द्यावा लागतो, नाहीतर लहर आत शिरून खुर्ची, पट्टे, हेल्मेट यांवर आपटून परतते. इंजिनाच्या तोंडाशी फिरणारी पाती हा तर रडारवाल्यांचा जुना मित्र; त्या पात्यांच्या परताव्यावरून विमान कुठलं हे ओळखता येतं. म्हणून हवा आत घेणारी नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळवून पाती नजरेआड करतात. हे लेप ऊन, पाऊस, दमट हवा यांनी खराब होतात. अमेरिकेच्या बी-२ बॉम्बरला त्यासाठी हवामान नियंत्रित हँगर लागतात. अशी फक्त २१ बी-२ बनली. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात असं विमान रोज उडतं ठेवायचं तर काय सोय लागेल याचा विचार तुझ्यासारख्यांनी आत्तापासून करायला हवा.

आता ‘मैदान मारलं’ या मुद्द्याकडे येतो. २७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियात एक एफ-११७ पडलं. पाडणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते झोल्तान दानी. त्यांच्याकडे एस-१२५ नेवा हे १९६० च्या दशकातलं क्षेपणास्त्र होतं आणि पी-१८ हे मीटरभराहून लांब लहरीचं जुनं रडार. लहर लांब असली की गणित बदलतं. लहरीची लांबी आणि शेपटाची किंवा पंखाच्या टोकाची लांबी जवळपास सारखी झाली, की तो भाग घंटेसारखा घुमू लागतो, आणि तिरपा आकार किंवा पातळ लेप तिथे फारसा कामाचा राहत नाही. अशा रडारला विमान नेमकं कुठे आहे ते बारकाईने सांगता येत नाही, खरं ‘त्या बाजूला काहीतरी आहे’ एवढं सांगता येतं. दानींनी तेवढ्यावर काम केलं. रडार काही सेकंदच चालू ठेवायचे, लगेच बंद, लगेच जागा बदल. अमेरिकन विमानं रोज त्याच वाटेने येत-जात होती, ही त्यांची चूक दानींच्या पथ्यावर पडली. पायलट वाचला. एक जुना रडारवाला म्हणून मला त्या तुकडीच्या शिस्तीचं मनापासून कौतुक वाटतं. जुनं यंत्र, शिकलेली माणसं.

त्यावरून ‘स्टेल्थ म्हणजे फसवणूक’ असं म्हणणारेही भेटतात. तेही चूक. १९९१ च्या आखाती युद्धात बगदादच्या दाट संरक्षणावरून हीच विमानं रात्रीमागून रात्री जाऊन आली, एकही पडलं नाही. आणि हेही लक्षात ठेव, की एफ-११७ नावालाच लढाऊ होतं. त्यात रडार नव्हतं, तोफ नव्हती, ते ध्वनीच्या वेगाने उडत नव्हतं. दोन बॉम्ब घेऊन जायचे आणि टाकून यायचं. हवेत दुसऱ्या विमानाशी लढून वर्चस्व मिळवण्यासाठी बनलेलं पहिलं स्टेल्थ विमान एफ-२२. ७ सप्टेंबर १९९७ ला पहिलं उड्डाण, डिसेंबर २००५ मध्ये सेवेत. तोवर संगणक पुढे गेले होते, म्हणून त्याच्या अंगाला पैलूंऐवजी गोलाई आहे. आफ्टरबर्नर, म्हणजे जादा इंधन जाळून जोर देणारी सोय, न लावता ते ध्वनीपेक्षा वेगाने उडत राहतं. इतकं महाग पडलं की वायुसेनेला १८७ वरच थांबावं लागलं, आणि कायदाच करून परदेशात विक्री बंद केली. चीनचं जे-२० जानेवारी २०११ मध्ये उडालं. आता पुढच्या पिढीत शेपूटच काढून टाकण्याकडे कल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये चीनच्या आकाशात बिनशेपटीची विमानं दिसली. कोपरा आणि लांब लहर यांबद्दल मी वर जे लिहिलं ते आठवलं तर कारण तुझं तुलाच कळेल.

तिरुवनंतपुरमच्या प्रकरणावरही एक वाक्य लिहायला हवं, कारण त्यावरून बरंच खोटं पसरलं. १४ जून २०२५ ला ब्रिटिश नौदलाचं एफ-३५ तिथे उतरलं आणि हायड्रॉलिक्सच्या बिघाडामुळे २२ जुलैपर्यंत अडकून पडलं. ‘आपल्या रडारने स्टेल्थ पकडलं’ असे निरोप फोनवर फिरले. शांततेच्या काळात अशी विमानं बहुतेक वेळा अंगावर मुद्दाम परावर्तक लावून उडतात, म्हणजे इतर विमानांना धोका होत नाही आणि विमान रडारवर खरं किती उमटतं ते कुणाला मोजता येत नाही. त्यात अडचणीत सापडलेलं विमान स्वतःहून रेडिओवर बोलत उतरतं. त्यावरून आपल्या रडारबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच ठरत नाही.

हवाई वर्चस्व म्हणजे हव्या त्या वेळी, हव्या त्या जागी आपल्याला उडता येणं आणि शत्रूला न उडू देणं. ते विमानांच्या झुंजीनेच मिळतं असं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या वायुसेनेने ढाक्याजवळच्या तेजगावची धावपट्टी बॉम्बने इतकी खणून काढली, की पाकिस्तानची सेबर विमानं धडधाकट असूनही जमिनीवरच राहिली. पूर्वेचं आकाश काही दिवसांत आपलं झालं. म्हणूनच ११ डिसेंबरला टांगाईलला २ पॅरा या छत्रीधारी पलटणीचे जवान विमानांतून उतरू शकले. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, जिचं केंद्र आपल्या बेळगावात आहे. त्या दिवशी आकाशात शत्रूचं एक जरी विमान मोकळं असतं तर छत्र्यांनी हळूहळू खाली येणाऱ्या त्या माणसांचं काय झालं असतं, हे मनात आणून बघ. म्हणजे हवाई वर्चस्व कुणासाठी असतं ते कळतं.

आता आपल्याबद्दल. आपण हात बांधून बसलो होतो असं नाही. १७ जून १९६१ ला बंगळूरला एचएफ-२४ मारुत उडालं, जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टने, म्हणजे पुढच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं. विमान सुंदर होतं, खरं त्याच्या तोलाचं इंजिन कधी मिळालंच नाही. तीच दुखरी नस आजही आहे. कावेरी इंजिनावर अनेक वर्षं काम झालं, पण ते तेजस या आपल्या लढाऊ विमानात बसलं नाही. रशियाबरोबर सुखोई-५७ वर आधारलेलं विमान करायचं ठरलं होतं, त्यातून आपण २०१८ मध्ये बाहेर पडलो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने एएमसीए या आपल्या स्टेल्थ लढाऊ विमानाच्या विकासासाठी सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. मे २०२५ मध्ये खासगी उद्योगांनाही त्यात स्पर्धेने येता येईल असं ठरलं. दोन इंजिनांचं, २५ टनांच्या वर्गातलं हे विमान. आणि बंगळूरला जाताना चित्रदुर्ग लागतं ना, त्या जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ चाचणी तळ आहे. तिथे १ जुलै २०२२ ला शेपूट नसलेलं, पंखच शरीर असलेलं एक छोटं बिनपायलट विमान स्वतःहून उडालं आणि उतरलं. शेपटाशिवाय विमान स्थिर ठेवणं किती अवघड आहे हे ठाऊक असल्याने ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं. दरम्यान २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाली, आणि ४२ स्क्वाड्रनची, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांची, मंजुरी असलेल्या वायुसेनेकडे २९ उरल्या. स्टेल्थ एक दिवस येईल म्हणून रोजच्या तेजसकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

तुझा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. आपल्याकडच्या उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्री आणि मशीन शॉपची परंपरा जुनी आहे. हत्तरगीला एकस या कंपनीचा मोठा परिसर आहे. तिथे फोर्जिंगपासून मशीनिंग आणि पृष्ठभागावरच्या प्रक्रियेपर्यंत सगळं एकाच आवारात होतं आणि सुटे भाग एअरबसच्या प्रवासी विमानांत जातात. म्हणजे विमानाचं काम या मातीत नवीन नाही. अजून शिकायचं आहे ते वेगळं.

आमच्याच शॉपमधली गोष्ट सांगतो. एका गिऱ्हाइकासाठी ॲल्युमिनियमच्या पॅनलचा लॉट चालू होता. स्क्रूचं डोकं बरोबर आत बसावं म्हणून भोकांना काऊंटरसंक होता. पहिले दहा जॉब, म्हणजे नग, मी स्वतः तपासले, पास केले. टूल हळूहळू झिजत गेलं आणि शेवटच्या जॉबांत खोली किंचित कमी भरायला लागली. मी शेवटचे जॉब बघितले नाहीत. स्क्रू बसवल्यावर डोकं मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास वर राहत होतं. सगळा लॉट परत आला. सेटरचं काम करणारा पोरगा हुशार, मनापासून काम करणारा, तो म्हणाला, “एवढ्यानं काय होतंय ओ काका, डोळ्याला तरी दिसतंय काय?” मी त्याचा अंगठा धरला आणि नख पॅनलवरून सरळ ओढायला लावलं. नख अडलं. मग एक चांगला जॉब दिला. नख सरळ निघून गेलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून दर दहा जॉबांनंतर तो स्वतः मोजायला डायल गेज लावू लागला. तो लॉट रडारशी संबंधित नव्हता, एका साध्या यंत्राचं झाकण होतं. पण स्टेल्थ विमान ज्या हातांनी जोडायचं ते हात असेच तयार होतात.

म्हणून तुला सांगतो. डिप्लोमानंतर डिग्रीला जायचं असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, व्हीटीयू हे तंत्र विद्यापीठ आपल्या बेळगावातच आहे. ड्रॉइंगवरच्या भूमितीय टॉलरन्सच्या, म्हणजे आकारात किती फरक चालेल ते सांगणाऱ्या, खुणा पाठ नको करूस, समजून घे. प्रत्येक खुणेमागे कुणाला तरी कशाची भीती आहे ते विचार. कार्बन फायबरला भोक पाडायला शीक. धातूसारखं दाबून पाडलं तर खालचे थर सुटतात आणि वरून काहीच कळत नाही. टायटेनियम उष्णता पुढे जाऊ देत नाही, ती टूलच्या टोकाशीच साठते आणि टूल जाळते, तिथे वेग कमी आणि पाणी भरपूर. न फोडता आतला दोष शोधायच्या पद्धती शीक. आणि मेकॅनिकलवाला असलास तरी विद्युतचुंबकीय लहरींचा पाया पक्का कर. पॅनल बसवणाऱ्याला ती फट का चालत नाही हे कळत असलं की त्याला कुणी मागे उभं राहून सांगावं लागत नाही. पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत म्हणून घाबरू नकोस. जालहळ्ळीत पहिले सहा महिने मी रात्री बसून प्रत्येक शब्द मराठीत लिहून काढत होतो. बंगळूरात कामाला जाशील तेव्हा आपल्याला येणारं कन्नड उपयोगी पडेल, ते बोलायला लाजू नकोस.

एखाद्या रविवारी सकाळी उद्यमबागेत ये. त्या लॉटमधला एक जॉब मी अजून जपून ठेवलाय, शेजारी चांगला जॉबही आहे. दोन्हींवरून नख फिरवून बघ, मग पुढचं बोलू.